पिंपळ कुणी काढायचा

"काकू, खिडकी उघडा जरा."

आमचं घर चौथ्या मजल्यावर आणि हाक आली होती बाहेरून. सुकदेव माळी रंगाऱ्यांच्या पाळण्यात बसून दोरावर लोंबत होता. डोक्याला ओला टॉवेल, मांडीवर कात्री. मी देवापुढची वात सारखी करत होते. हात पुसले आणि खिडकी उघडली.

"हे पाहिलं का तुम्ही?"

त्यानं मनीप्लांटची पानं दोन्ही हातांनी बाजूला केली. त्यांच्या मागं भिंतीवर टांगलेल्या कापडी खिशातून पिंपळ वर आला होता. तांबूस, कोवळी पानं. वारा नव्हता तरी हलत होती.

"पाहिलं," मी म्हणाले.

"मग बोलायचं ना! कधी पाहिलं?"

मला आठवेना. त्या दिवसांत मी पुष्कळ गोष्टी पाहत असे आणि जिथल्या तिथं ठेवत असे.

सुकदेवनं सांगाड्याच्या मागं हात घातला आणि तोंड वाकडं केलं. "वर दिसतो तेवढाच नाही हा. मूळ पार खाली गेलंय, झांबरे सरांच्या भिंतीत. विटांच्या सांध्यात शिरलंय."

"मग काढ की. कात्री आहे ना हातात?" माझी मुलगी हर्षला माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. तोंडात ब्रश.

"ताई, दुसरं काही पन सांगा. मला दोन पोरं हायेत."

"पोरांचा काय संबंध?"

"ते काकूंना इचारा."

हर्षलानं मला विचारलं नाही. तिलाही ठाऊक होतं. आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं, पिंपळ उपटला की उपटणाऱ्याचा वंश जातो. मी खिडकी लावून घेतली, कारण ऊन आत येत होतं.

ती भिंत हर्षलाची होती. जळगावच्या उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत म्हणजे काय, हे इथं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्या त्या बाजूच्या खोल्यांत पलंग भिंतीपासून ओढून मधोमध ठेवावे लागत. नाशकाहून आर्किटेक्ट होऊन आल्यावर हर्षलानं पहिलं काम हेच काढलं. भिंतीपासून हातभर अंतर सोडून लोखंडी सांगाडा उभा करायचा, त्यावर जाड कापडाचे खिसे टांगायचे, खिशांत नारळाचा काथ्या आणि थोडी माती, आणि प्रत्येक ओळीला ठिबकची नळी. ऊन झाडांवर पडेल, भिंतीवर पडणार नाही. मधल्या मोकळ्या जागेतून हवा खेळेल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, भिंतीवर कुठं शेती होते का? तेव्हा ती म्हणाली होती, "केळीला ठिबक चालतं, मग भिंतीला का नाही चालणार?" आमच्या जिल्ह्यात ठिबकला नाही म्हणणारा माणूस मिळायचा नाही. ठराव झाला.

नळ्या माझ्या मुलानं, लोकेशनं बसवल्या. तो ठिबकच्या दुकानातच कामाला होता. महिनाभर तो परांचीवर बसून असायचा. पेपरात फोटो आला, त्यात परांचीवरचा लोकेश होता आणि खाली नळीचं वेटोळं धरलेली हर्षला फोटोच्या बाहेर राहिली होती. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये सगळे त्या भिंतीला लोकेशची भिंत म्हणायला लागले. रिक्षावाल्यालासुद्धा तसाच पत्ता सांगायचे.

"यानं नळ्या ओढल्या आणि नाव याचं!" हर्षला हसायची.

"आर्किटेक्टबाई, आधी वर चढून दाखवा," लोकेश म्हणायचा. "कागदावर काय, मीपण ताजमहाल काढतो."

लोकेश त्या दिवाळीनंतर गेला. भुसावळच्या रस्त्यावर. त्यानंतर हर्षला त्या नावावरून हसली नाही, आणि तिनं ते कधी दुरुस्तही केलं नाही.

माझी व्रतं चालू होती. पहाटे अंघोळ, पूजा, पोथीचा एक अध्याय, गायीला घास, दिवसातून एकदाच जेवण. त्यात खंड पडला नाही. लोक म्हणत, वहिनींनी देवाच्या आधारानं सावरलं. मला तसं काही वाटत नव्हतं. हातांना सवय होती, हात करत होते. पोथीच्या ओळी डोळ्यांखालून जायच्या, पान उलटायचं. आमटीत मीठ आहे की नाही ते मला हर्षलाच्या तोंडाकडे बघून कळायचं, आणि हळूहळू मी तिच्या तोंडाकडे बघणंही सोडून दिलं. ती नोकरीवर जायची, यायची. आम्ही एकाच घरात राहत होतो.

शनिवारी माझं मौन असतं. उठल्यापासून ते मारुतीच्या देवळामागच्या पिंपळाला पाणी घालून येईपर्यंत बोलायचं नाही. माझे यजमान आजारी असताना धरलेलं, ते गेल्यावरही सोडलं नाही. ते मौन मी तोवर कधी मोडलं नव्हतं. लोकेशला घरी आणलं तो दिवस शनिवारचाच होता.

पिंपळ सापडल्यावर काही दिवसांनी झांबरे सर वर आले. सर आमच्या खालच्याच मजल्यावर राहत आणि सोसायटीचे चेअरमन होते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. बोलताना अजून हवेत खडू धरल्यासारखी बोटं करायचे.

"हर्षला, माझ्या हॉलमध्ये वरपासून खालपर्यंत तडा गेलाय. बोट जातं त्यात. इंजिनियर म्हणाला, पावसाच्या आत मूळ निघालं पाहिजे, नाहीतर भिंत फुगणार."

"मग काढू या ना, सर. सुकदेव नाही म्हणतो, मी दुसरा माणूस आणते."

"माणसाचा प्रश्न नाही. माणूस सांगकाम्या. सांगतं कोण, हा प्रश्न आहे. सोसायटीनं सांगितलं म्हणजे आम्ही सगळ्यांनीच सांगितलं. कमिटीत कुणी तयार नाही."

"मी सांगते."

"तू नको!" सर एकदम म्हणाले. "तुझं अजून सगळं व्हायचंय. उद्या सासरी काही कमी-जास्त झालं तर लोक आम्हाला बोलतील."

"सर, तुम्ही विज्ञान शिकवायचात."

"शिकवायचो की. तूही होतीस वर्गात. माझा यावर काडीचा विश्वास नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण विषाची परीक्षा कशाला घ्या? म्हणून कमिटीनं वेगळा मार्ग काढलाय. ठिबक बंद करायचं. खिसे, सांगाडा, सगळं उतरवायचं. पाणी तुटलं की पिंपळ आपोआप वाळेल. आपोआप. आपण कुणी त्याला मारलेलं नाही."

"आणि माझी भिंत?"

"ती पुन्हा करता येईल की, नंतर कधीतरी. रविवारी मीटिंग ठेवलीय."

"फक्त त्या ओळीचं पाणी बंद केलं तर?"

"मूळ किती खिशांच्या मागून गेलंय, तूच बघून आलीस ना?"

हर्षला बघून आली होती. सर जाताना माझ्याकडे वळले, "वहिनी, तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. लोकेशची आठवण आहे ती." मी मान हलवली. त्या दिवसांत मी सगळ्यांनाच मान हलवत होते.

दार लावून हर्षला म्हणाली, "आई, तू तरी काहीतरी बोल ना मीटिंगमध्ये. तुझं ऐकतात सगळे."

"काय बोलू?"

ती आत निघून गेली. ते तिचं पहिलं काम होतं, पुढचं कुणी द्यावं यासाठी दाखवायला तिच्याजवळ ती एकच भिंत होती. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि वाटणं यांच्यामध्ये तेव्हा बरंच अंतर पडलं होतं.

शनिवारी सकाळी मी पोथी मिटून तांब्या भरत होते, तेव्हा बेल वाजली. दारात झांबरे सर, त्यांच्या मिसेस प्रमिलावहिनी, आणि मागं सुकदेव. खांद्यावर दोर, कमरेला कोयती. प्रमिलावहिनींच्या हातात नारळ होता.

"बोलू नका, वहिनी, बोलू नका. तुमचं मौन असतं, माहितीये मला," त्या बसता बसता म्हणाल्या. "शनिवार आम्ही मुद्दामच धरला. पिंपळाला शनिवारीच हात लावावा म्हणतात. तुम्ही नुसतं ऐका."

मी तांब्या खाली ठेवला. हर्षला आतून आली, सगळ्यांकडे पाहिलं. "चहा टाकते," म्हणून पुन्हा आत गेली. सुकदेव उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मुद्द्याचं बोल," सर म्हणाले.

"बोलतेय की. हा काय तुमचा तास आहे?" वहिनींनी नारळ मांडीवर घेतला. "वहिनी, उद्या भिंत काढायचा ठराव होणार. मला नाही बाई आवडत. लोकेशची भिंत ती. मी रोज सकाळी गॅलरीत जाते तर पोरगं वर परांचीवर बसलंय असंच वाटतं. परवा हाक मारणार होते, लोकेश, चहा घेऊन जा रे. खरं सांगते."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. लोकेशचे दिवस झाले तोवर त्यांनीच आमच्याकडे डबा पाठवला होता.

"तर ती वाचवायची एकच वाट आहे. पिंपळ आज काढला, तर उद्याचा ठराव मी मांडूच देत नाही. काय हो?"

"नाही मांडणार," सर म्हणाले. "मूळ निघालं की तडा मी स्वतःच्या खर्चानं भरून घेतो. भिंत राहील."

"सुकदेव पण कबूल झालाय."

"मी कबूल हाये," सुकदेव दाराबाहेरून म्हणाला. "पन कुनीतरी सांगायला पायजे. माझ्या मनानं मी नाही काढनार. गावाकडं इचारून आलो, सांगनाऱ्याला लागतं, करनाऱ्याला नाही. आमच्या गावाला तसंच मानतात."

"आमच्याकडेही तसंच," प्रमिलावहिनी म्हणाल्या. "आता सांगायचं कुणी? आमच्या घरात नातू आहे, नुकता चालायला लागलाय. वरच्या अत्तरद्यांच्या सुनेला दिवस गेलेत. खालच्या वाण्यांच्या मुलाचं आत्ताच लग्न झालं. सगळ्यांची घरं भरलेली हो."

त्या थांबल्या. नारळाची शेंडी बोटांनी विंचरल्यासारखी करत राहिल्या. मला अजून समजलं नव्हतं. त्या दिवसांत माझ्यापर्यंत गोष्टी उशिरा पोचायच्या.

"तुम्हाला बोलायचीसुद्धा गरज नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं व्रत मोडायला नको. सुकदेव तुमच्याकडे बघेल, तुम्ही नुसती मान हलवा. तो जाऊन काढेल. मी नारळ फोडून त्याची क्षमा मागेन. झालं. लोकेशची भिंत राहिली."

सर खिडकीबाहेर बघत होते.

हर्षला ट्रे घेऊन आली. प्रमिलावहिनी पुढं सरकल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात ऊबदार होता.

"वहिनी, रागावू नका. पण देवानं तुमचं सगळं नेलं. यजमान गेले, पोरगा गेला. आता आणखी काय नेणार तो? तुमच्यामागं आता आहे कोण?"

हर्षला त्यांच्या समोरच उभी होती. वहिनींनी ट्रेमधला एक कप उचलला, तिच्याकडे वर बघून विचारलं, "बिनसाखरेचा कुठला गं? यांना शुगर आहे," आणि तिनं बोटानं दाखवलेला दुसरा कप उचलून सरांना दिला.

मग माझ्या लक्षात आलं, हे लोक माझ्याकडेच का आले होते ते.

मी हर्षलाकडे पाहिलं. तिनं केस कापले होते. मानेपर्यंत. कधी कापले, मला माहीत नव्हतं. गालाची हाडं वर आली होती. ट्रे तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि त्यात एकच कप उरला होता. ती सहज बोलल्याचा आव आणून म्हणाली, "आई, हलव मान. पिंपळच तर आहे. भिंत वाचेल."

"बघा, शहाणी आहे पोरगी," प्रमिलावहिनी म्हणाल्या. "बघ रे, सुकदेव."

सुकदेवनं दारातून आत मान घातली आणि माझ्याकडे पाहिलं.

मान आडवी हलवली असती तरी चाललं असतं. तो निघून गेला असता आणि माझं मौनही राहिलं असतं. पण आडव्या मानेचा अर्थ त्यांनी एवढाच घेतला असता, की म्हातारी घाबरली, किंवा वहिनींना पाप लागेल असं वाटलं. जे सांगायचं होतं ते नुसत्या मानेनं सांगता येत नव्हतं.

"मला मुलगी आहे," मी म्हणाले.

सकाळपासून न वापरलेला आवाज. मलाच तो दुसऱ्या कुणाचा वाटला.

"अहो, तुमचं मौन..." सर दचकून म्हणाले.

"सुटलं."

"हो, मुलगी आहेच की," प्रमिलावहिनी घाईनं म्हणाल्या. "कोण नाही म्हणतंय? गुणाची आहे. पण वहिनी, मुलगी म्हणजे कसं..."

"कसं?"

"म्हणजे वंश म्हणतो आपण तो..."

"प्रमिला, पुरे," सर म्हणाले.

"मी काय वाईट बोलले? जगाची रीत आहे ती. मुलगी आज ना उद्या परक्या घरची. त्या घरचं ते घर बघेल. यांच्या शब्दानं तिला थोडंच काही व्हायचंय?"

"मला ते माहीत नाही," मी म्हणाले. "माझ्या पोटची आहे. तो नेताना विचारत नाही, मुलगा की मुलगी."

सरांनी चहा संपवला, कप फरशीवर ठेवला. त्यात साखर होती; बिनसाखरेचा वेगळा कप ट्रेमध्ये तसाच उरला होता.

"मग काकू," सुकदेवनं विचारलं, "काढू का नको?"

"नको."

"बरं झालं बा," तो म्हणाला आणि खांद्यावरचा दोर सारखा करून जिना उतरायला लागला.

प्रमिलावहिनी नारळ घेऊन उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "तुमच्याच भल्यासाठी आले होते, वहिनी." मी म्हणाले, "माहीत आहे." मला खरंच माहीत होतं.

ते गेल्यावर मी तांब्या उचलला आणि देवळाकडे निघाले.

"आई!" हर्षला जिन्यापर्यंत आली. ट्रे अजून हातातच होता. "एकदा मान हलवायची होती. एकदा! तुझं काय गेलं असतं?"

"येते मी जाऊन."

"भिंत जाईल माझी. समजतंय का तुला? माझी! लोकेशची नाही. मी काढलीय ती, एकेक खिसा मी मोजून काढलाय. एवढं करून मला मिळालं काय, तर तुझं ते एक वाक्य!"

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून ऐकत होतं. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. मग जिना उतरले. देवळामागच्या पिंपळाला पाणी घातलं, प्रदक्षिणा घातल्या, पण देवाची क्षमा मागितली नाही. मागावीशी वाटली नाही.

रविवारी ठराव झाला. हात वर झाले, कुणी जास्त बोललं नाही. हर्षला शेवटी उभी राहिली आणि म्हणाली, "माणसं लावू नका. ते ओरबाडतील. मी उतरवते." सर म्हणाले, सांगाडा काढायला माणसं लागतीलच. ती म्हणाली, सांगाडा तुम्ही काढा, झाडं मी काढते.

पिंपळ वाळला नाही, हेही इथंच सांगून टाकते. पाणी तुटलं, वरची पानं गळाली, आणि पावसाळ्यात तो पुन्हा फुटला. मुळाला लागेल तेवढी ओल विटांच्या आतून मिळत असावी. झांबरे सरांनी तडा दोनदा भरून घेतला. रंगारी येतात ते त्याच्या भोवतीनं ब्रश फिरवतात. बिल्डिंग आता जुनी झाली, ती पाडायचं बोलतात. पाडताना कोण सांगणार, मला माहीत नाही. हर्षला पुण्याला असते. गच्च्यांवर, जिन्यांत, दवाखान्यांच्या भिंतींवर झाडं लावायची कामं करते. पहिलं काम मिळायला तिला बराच उशीर झाला. दाखवायला काही नव्हतं.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारचं. तिनं रजा घेतली होती. सकाळीच परांचीवर चढली, सगळ्यात वरच्या ओळीपासून सुरुवात केली. मी खिडकीतून बघत होते. मग पूजा आटोपून खिडकीतून परांचीवर उतरले आणि तिच्या खालच्या टप्प्यावर उभी राहिले. ती एकेक खिसा आकडीतून सोडवून दोरीनं खाली सोडायची. मी तो धरून टोपलीत ठेवायची. तिनं मला ये म्हटलं नव्हतं, जा म्हणूनही म्हटलं नाही. दोन ओळी आम्ही न बोलता काढल्या. खिशांमागून भिंत दिसायला लागली, पोपडे आलेली, ठिकठिकाणी मुंग्यांच्या रांगा.

तिसऱ्या ओळीत पिंपळ होता. त्याचा खिसा तिनं तसाच राहू दिला. पुढचा काढला, दोरी बांधली, आणि दोरी हातात धरून थांबली.

"आई, तुझा विश्वास आहे ना त्यावर?"

"कशावर?"

"पिंपळावर. की तो घेऊन जातो म्हणून."

"आहे."

"म्हणजे शनिवारी तुला वाटलं, मी जाईन."

"खिसा सोड खाली. माती सांडतेय."

"सांग ना."

"हो," मी म्हणाले.

ती वरून माझ्याकडे बघत राहिली. कापलेले केस घामानं कपाळाला चिकटले होते.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "मी गेले तरी तुझी पूजा वेळेवर होईल."

मी तेच म्हणाले जे माझ्यापाशी होतं. "तुला आजवर माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं."

"मागितलं की. यावलच्या त्या वकिलांनी."

"ते लग्नासाठी. शनिवारचं मागणं तसं नव्हतं."

ती परांचीच्या फळीवर खाली बसली. दोरी हातातच होती, खिसा मध्येच हवेत लोंबत होता, त्याच्यातून पाणी थेंब थेंब माझ्या पायाशी पडत होतं. तिनं तोंडावर बाही दाबून धरली होती. हसत होती की रडत होती, मला खालून दिसेना. परांचीचा बांबू धरून उभी राहिले.

वरच्या गॅलरीतून अत्तरद्यांची सून डोकावली आणि आत गेली.

बऱ्याच वेळानं हर्षलानं नाक पुसलं आणि दोरी सैल सोडली.

"नीट धर, आई," ती म्हणाली. "हा जड आहे."

मी दोन्ही हात वर केले.